डाव्या कानावरचा पेढा

प्रश्न विचारून निवेदिका प्रियदर्शनी थांबली होती, आणि सभागृहभर पसरलेल्या शांततेत फक्त कढईखालच्या शेगडीचा आवाज येत होता. कॅमेरे ऋषिराजच्या चेहऱ्यावर रोखलेले होते.

"ऋषिराज," निवेदिकेनं पुन्हा, अधिक हळुवारपणे विचारलं, "तुमचा हरवलेला भाऊ आत्ता या पडद्यामागून आला, तर त्याला काय म्हणाल?"

ऋषिराजला भाऊ नव्हता.

साताऱ्यातल्या 'लालासाहेब पेढेवाले' या दुकानाचा तो एकुलता एक वारस. मिठाईवाल्यांच्या 'चुलीचा मानकरी' या टीव्हीवरच्या स्पर्धेत तो उतरला, तेव्हा त्याच्यापाशी हातगुण होता, कहाणी नव्हती. दुसऱ्याच भागानंतर निर्मिती विभागातल्या क्रांती नावाच्या बाईनं त्याला बाजूला घेतलं.

"दादा, पेढा झकास आहे. पण लोक पेढ्याला मत देत नाहीत, दुःखाला देतात. तुमच्या घरात काहीच घडलेलं नाही का हो?"

काहीच घडलेलं नव्हतं. मग त्यानं घडवलं. एक धाकटा भाऊ. लहानपणी सांगलीच्या गर्दीत त्याचा हात सुटला. पुन्हा तो दिसला नाही. सांगलीच का, तर ते नाव जिभेवर आयतंच होतं. आबा, म्हणजे त्याचे वडील लालासाहेब, दर सोमवारी दुकान बंद ठेवून खव्यासाठी सांगलीला जायचे. साताऱ्यात दुधाला तोटा नव्हता, पण आबांना तिथलाच खवा लागायचा.

आई साळूबाईनं तो भाग पाहिला, टीव्ही बंद केला आणि ती आत निघून गेली. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. लेकाच्या थापेची लाज वाटली असणार.

मतं मात्र वाढत गेली. थाप अंतिम फेरीपर्यंत उतू आली, आणि वाहिनीनं ती फेरी मुद्दाम सांगलीतच ठेवली. जिंकला, तर झगमगत्या नव्या दुकानांच्या रांगेत आबांच्या नावाची जुनी पाटी टिकणार होती. थाप उघडी पडली, तर तेच नाव राज्यभर हसण्यावारी जाणार होतं.

"म्हणेन..." ऋषिराजचा आवाज योग्य जागी कापला. "लय उशीर केलास रं, गड्या."

पडदा सरकला.

ऋषिराजहून थोडा लहान वाटणारा एक सावळा माणूस उजेडात अवघडून उभा राहिला. इस्त्रीची घडी न मोडलेला शर्ट, हाताला जागा सापडत नव्हती.

"हे सिद्धू," प्रियदर्शनी म्हणाली. "तुमची गोष्ट ऐकून यांनी स्वतःहून आम्हाला फोन केला."

सभागृहात हुंदके उमटले. ऋषिराज निर्धास्त झाला. नट आणला होता तर. वाहिनीलाही ही थाप त्याच्याइतकीच हवी होती.

मिठी मारताना तो त्या माणसाच्या कानाशी पुटपुटला, "भारी काम करताय. डोळ्यांतलं पाणी तर अगदी खरं वाटतंय."

त्या माणसाची मिठी तेवढी घट्ट झाली.

शेवटची कढई दोघा भावांनी मिळून उतरवायची होती. ऋषिराज त्याला कुतूहलानं न्याहाळत राहिला. मनगटाच्या आत, कढईचा काठ जिथं लागतो तिथं, जुना चट्टा होता. ऋषिराजच्या मनगटावर होता तसाच. रंगभूषाकाराची कमाल! खवा परतताना सराटाही तो खांद्यातून नव्हे, मनगटातून फिरवत होता.

"कुठं शिकलात?"

"घरीच की."

"आणि नाटकमंडळी कुठली तुमची?"

"आमची मंडळी समदी दुधातलीच."

ऋषिराज हसला. पाठांतर पक्कं होतं.

खवा खरपूस झाला. ऋषिराजनं पहिला पेढा वळला आणि कढईच्या उजव्या कानावर, धरायच्या मुठीवर, ठेवला. हा कढईचा मान. पहिल्या भागात त्यानं हे सांगितलं होतं, आणि आता शाळेतल्या पोरांनासुद्धा ते माहीत होतं.

डाव्या कानाचं मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. दुकान उघडण्याआधी आबा तिथं गुपचूप दुसरा पेढा ठेवायचे. 'हा कुणाचा?' असं त्यानं लहानपणी विचारलं होतं. 'असतो एकाचा,' एवढंच आबा म्हणाले होते. ते गेल्यावरही तो तसाच ठेवत राहिला, अर्थ हरवलेल्या प्रार्थनेसारखा.

सिद्धूनं दुसरा पेढा वळला. कॅमेऱ्याकडे न पाहता तो कढईच्या डाव्या कानावर ठेवला.

ऋषिराजचा हात खव्यातच थांबला.

निकाल लागला. ऋषिराज जिंकला. टाळ्या त्याला कुठूनतरी लांबून आल्यासारख्या वाटल्या. बक्षिसाची ढाल हातात घेऊन तो तडक बाहेर आला. आंब्याच्या सावलीत सिद्धू चपला घालत होता.

"खरं सांगा, डाव्या कानाचं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? आबा दर सोमवारी आमच्याकडं आलं की दोन ठेवायचं. एक कढईचा. दुसरा साताऱ्याच्या दादाचा."

ऋषिराज त्याच्या मनगटावरच्या चट्ट्याकडे बघत राहिला.

"गर्दीत हात सुटला, असं झाकून सांगितलंत, लय बरं केलंत. माझ्या आईची अब्रू राखलीत." सिद्धूनं बाहीनं डोळे पुसले. "टीव्हीसमोर रडली वो ती. म्हणाली, त्यानं तुला साऱ्या जगासमोर भाऊ म्हटलं बघ. आमाला वाटायचं, साताऱ्यात आमची कुणाला खबरच न्हाई. दादा, आबांनी तुमाला आमच्याबद्दल कवा सांगितलं हुतं?"

आबांनी कधीच काही सांगितलं नव्हतं. ढाल छातीशी धरून ऋषिराज वळला आणि चालू लागला.