भोंग्याची मतं

"आता जरा रागावून बोला, काका," मुलगी म्हणाली आणि तिने माईक पुढे सरकवला.

रागवायला भोंग्याला निमित्त लागत नसे. "पंचाने एकदा शिट्टी मारली की मारली. नंतर टीव्हीत बघून निर्णय फिरवायचा असेल, तर तो मैदानात पळतो कशाला? घरीच सोफ्यावर बस म्हणावं."

"छान. आता शांतपणे."

"शास्त्रज्ञ एका वर्षी सांगतात कॉफी वाईट, दुसऱ्या वर्षी सांगतात चांगली. मधल्या काळात मी सोडलेली कॉफी मला कोण परत देणार? त्यापेक्षा डब्यांची झाकणं कुठे गडप होतात, ते शोधा म्हणावं."

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कुठली गाडी कुठून सुटणार, हे बसस्थानकाच्या माईकवरून सांगण्यात त्याचा जन्म गेला, म्हणून लोकांनी ते ठेवलं होतं. रेडिओवर बोलायची हौस मात्र राहून गेली होती. त्यामुळे त्याच्या मुलाने "रेडिओवाल्यांना ज्येष्ठांची मतं हवीत" असं सांगितलं, तेव्हा स्वारी हरखून गेली. गेला आठवडाभर ही मुलगी रोज सकाळी येत होती. खिडक्या लावून, पंखा बंद करून, घाम पुसत भोंगा जगाला सुनावत होता.

पहिल्याच दिवशी त्याने तिला विचारलं होतं, "रेडिओवर कधी लागणार हे?" ती खळखळून हसली होती. "काका, तुम्ही भारीच विनोदी आहात." भोंग्याला ते आवडलं होतं.

आवाज हल्ली जरा बसला होता, तेवढंच. घशात बारीकशी गाठ होती, ती सोमवारी काढायची होती. दाढ काढण्याएवढंच काम, असं मुलगा म्हणाला होता. हॉस्पिटलच्या कागदांवर भोंग्याने न वाचताच सह्या ठोकल्या. पोरगा वाचतोय ना, मग झालं.

बायकोला मात्र या कार्यक्रमाचं वावडं होतं. माईक सुरू झाला की ती मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेई. जन्मभर ऐकून कंटाळली असेल बिचारी, असं भोंगा म्हणे.

"दहा मिनिटं थांबू या," मुलगी म्हणाली. "आजचा शेवटचा दिवस. थोडंच राहिलंय."

भोंगा उठून आतल्या फोनकडे गेला. कार्यक्रम कुठल्या वारी लागणार, हे सगळ्या गल्लीला सांगायचं होतं आणि मुलगा रोज उद्यावर ढकलत होता. मग त्याने स्वतःच रेडिओ केंद्राला फोन लावला. पलीकडच्या बाईने दोनदा विचारून घेतलं, मग कुणाला तरी विचारून आली. असा कुठलाच कार्यक्रम नव्हता. असं कुणाला त्यांनी पाठवलंही नव्हतं.

भोंगा पॅसेजमध्ये आला. मुलगा तिथेच भिंतीला टेकून उभा होता.

"रेडिओवाल्यांना तू माहीतच नाहीस," भोंगा हळू आवाजात म्हणाला. "ही पोरगीही नाही."

मुलाचा चेहरा पडला. "बाबा, ऐका तरी."

"मीच ऐकायचं? घरात माझी बडबड नको, म्हणून भाड्याने श्रोता आणलास. सरळ गप्प बस म्हणाला असतास तर चाललं असतं रे. मी अख्ख्या गल्लीला सांगून बसलोय."

"तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

मुलाने जमिनीकडे बघितलं. "ऑपरेशन होऊन जाऊ दे. मग सांगतो सगळं."

पोटच्या पोराने मामा बनवलं, हे भोंग्याच्या जिव्हारी लागलं. पंचांवर, बातम्यांवर, शास्त्रज्ञांवर इतकं मनापासून बोललो आणि ते कुणासाठीच नव्हतं. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचाही राग आला. पण बोलणं अर्धवट टाकून उठायची सवय त्याला नव्हती. तो परत खुर्चीत येऊन बसला. मुलगा दारातच थांबला.

"बोल पोरी, काय राहिलंय? तुझं काम तरी पुरं होऊ दे."

"छोटी छोटी वाक्यं आहेत, काका. मी म्हणते तशी म्हणा. पाणी हवंय."

"पाणी हवंय."

"उशी जरा वर घ्या."

"उशी जरा वर घ्या."

"इथे दुखतंय. आणि मग काकूंना हाक मारा, रोज मारता तशी."

भोंगा थांबला. "अगं, हे काय मत आहे का? हे कोण ऐकणार?"

मुलीने गोंधळून दाराकडे पाहिलं. मुलाने पाठ फिरवली होती.

"तुम्हाला यांनी सांगितलंय ना, काका?" ती म्हणाली. "सोमवारच्या ऑपरेशननंतर तुमच्याऐवजी एक यंत्रच तुमच्या आवाजात बोलणार आहे. तुम्ही फक्त बटण दाबायचं."