फेट्याचा कायदा

कोणाचा विश्वास बसणार नाही, पण आमचे बाबाराव परवा इकडे हिंदी मुलखात, ओमतीच्या चौकात घटकाभर सरदारजी झाले होते. भाचीच्या लग्नाला फेटा बांधून ते स्कूटरवरून निघाले होते; मामा पोचल्याशिवाय भाची बोहल्यावर चढणार नव्हती. फेट्यावर हेल्मेट काही बसेना, म्हणून ते मागच्या सीटवर बायकोच्या, इंदिराबाईंच्या डोक्यावर.

पोलिसानं स्कूटर अडवली. बाबाराव छाती फुगवून म्हणाले, "सरदार हैं जी! पगडीवालों को हेल्मेट माफ है, कानून है!"

"अच्छा? जा कहाँ रहे हैं?"

"गुरुद्वारे. भांजी की शादी है."

पोलीस बाजूला सरकणार, तोच इंदिराबाईंचा धीर सुटला. "अहो, काय बोलत बसून राहिले! तिकडे मंगलाष्टकं सुरू होतील ना!"



पोलिसानं स्कूटरची चावी काढून घेतली आणि चक्क मराठीत विचारलं, "गुरुद्वाऱ्यात मंगलाष्टकं कधीपासून, काका?"