पाऊण किंमत

"यंदा निम्म्याच्या खाली ऐकून घेणार नाही, शेठ," टेलरमास्तरांनी पिशवी काउंटरवर ठेवता ठेवताच बजावलं.

जुन्या पुस्तकांच्या दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "आधी पुस्तकं तरी बाहेर काढा मास्तर. बाजारात तुरी अन् तुमचं सुरू भांडण."

मास्तर हसले. मुलाची पुस्तकं घेऊन यायचं त्यांचं हे तिसरं वर्ष, आणि या व्यवहारातली मेख त्यांना कळून चुकली होती. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्याच दिवशी पुस्तकं विकायची. निकालानंतर पोरं पोती भरभरून आणतात आणि भाव कोसळतो. दुकानाचे दरही त्यांना पाठ होते. पेनाच्या रेघा असल्या तर छापील किमतीचा तिसरा हिस्सा, नीट वापरलेलं असलं तर निम्मी किंमत, कोरं असलं तर पाऊण. पाऊण मिळालेला माणूस मात्र त्यांनी अजून पाहिला नव्हता.

मुलाला त्यांनी पहिल्याच वर्षी ताकीद दिली होती. रेघ मारायची नाही, कोपरा दुमडायचा नाही, पुस्तकावर कप ठेवायचा नाही. शिवाय प्रत्येक पुस्तकाला उरलेल्या अस्तराचं कव्हर स्वतः शिवून दिलं होतं. "दात कोरून कुठं पोट भरतं का?" बायको म्हणायची. यंदा तर अभ्यासक्रम बदलला आणि पाचही पुस्तकं नवी घ्यावी लागली. त्यापायी मास्तरांनी दोन महिने शाळेचे गणवेश शिवले होते. डोळे इतके गेले होते की सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारावी लागे. पण हे शेवटचं वर्ष होतं. पोरगा पदवीधर झाला, नोकरीला लागला, की मशीन बंद. तसं त्यांनी गिऱ्हाइकांनाही सांगून टाकलं होतं.

दुकानदारानं पहिल्या पुस्तकाचं कव्हर काढलं, अंगठ्यानं पानं फर्रकन सोडली आणि मध्येच थांबला.

"अरे वा!"

"काय झालं?"

"हे बघा. छापखान्यानं यंदा घोळ घातलाय, ही दोन पानं वरून कापायचीच राहिलीत, एकमेकांना जोडलेली. सगळ्या प्रतींत तेच. सकाळपासून बारा आल्या माझ्याकडे. कुणी पट्टीनं फाडलंय, कुणी बोट घालून. तुमची पहिलीच जशीच्या तशी आहे."

मास्तर घाबरले. "म्हणजे पैसे कापणार?"

"कापतो कशाला? हे कोरं पुस्तक आहे मास्तर. पाऊण किंमत देतो याला!"

मास्तरांची छाती फुगली. अस्तराची कव्हरं फळाला आली म्हणायची. बायकोला कसं सांगायचं, तेही त्यांच्या मनात जुळून आलं. मग सहजच त्यांनी विचारलं, "कितवं पान आहे हो ते?"

"अठरा-एकोणीस. पहिलाच धडा."

मास्तर पुस्तकाकडे बघत राहिले. नव्या कोटाचे खिसे ते चार टाके घालून बंदच देत असत. गिऱ्हाईक कोट घालायला लागलं की ते टाके उसवतं. वर्षभरानं एखादा कोट पुन्हा दुकानात यायचा आणि खिसे तसेच बंद असायचे. मग मास्तरांना न विचारताच कळायचं, हा कोट घालून माणूस कुठं गेलेलाच नाही.

दुकानदारानं दुसरं पुस्तक उघडलं. पुठ्ठा कडकन वाजला आणि आतून डिंकाचा वास आला. तिसरंही तसंच वाजलं.

"लायब्ररीत वाचायचा तो," मास्तर म्हणाले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

पाच पेपर झाले होते. पाचही संध्याकाळी त्यांनी विचारलं होतं आणि पाचही वेळा उत्तर आलं होतं, "छान गेला, बाबा." रोज सकाळी हीच पुस्तकं पिशवीत घालून तो घराबाहेर पडायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. वर्षभर तो जात कुठं होता?

दुकानदार पोराबाळांचा माणूस होता. उरलेली दोन पुस्तकं त्यानं उघडलीच नाहीत. मान खाली घालून कॅल्क्युलेटरवर आकडे मारले आणि तो मास्तरांपुढे सरकवला. अठराशे. तीन वर्षांत एवढा आकडा मास्तरांनी या काउंटरवर पाहिला नव्हता.

मागे रांगेत एक बाई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. मुलीच्या हातातली पुस्तकं पार खिळखिळी झालेली, पानापानाला रंगीत रेघा.

"बघ जरा," बाई मुलीला म्हणाली, "पुस्तकं कशी वापरतात ती. नाहीतर तू! किती गुणी मुलगा असेल त्यांचा."

दुकानदारानं गल्ला उघडून नोटा मोजल्या आणि पुढे धरल्या. मास्तरांनी हात पुढे केला नाही.

"शेठ, निम्मे द्या."

"अहो, पण कोरी आहेत ती. तुमचा हक्कच आहे..."

"कोरी नाहीत." मास्तरांचा आवाज एवढा चढला की रांगेतली बाई दचकली. "वाचलीत त्यानं. वाचलेल्याचा भाव लावा."