दार लावून

लताबाईला प्रार्थना करता येत नव्हती असं नाही. थांबता येत नव्हतं. देव कुठे परगावी गेला होता आणि आजच एसटीतून उतरला, असं समजून त्याला पहिल्यापासून सगळं सांगत बसायची.

"लता, आज थोडक्यात," शकुबाईने धाकट्या जावेला सकाळीच बजावलं होतं. "आणि त्या गोष्टीबद्दल तोंड मिटून."

"ताई, मला काय कळत नाय का?"

बुधवारची बायकांची प्रार्थनासभा या वेळी शकुबाईच्या घरी होती. रद्द केली असती तर कारण विचारायला सुलाबाईच पहिली आली असती. आणि सुलाबाई राकेशची मावशी. राकेश म्हणजे शकुबाईच्या नातीचा, तेजलचा, नवरा. सापडली की जिवंत ठेवत नाही, असं त्याने तेजलच्या भावाला फोनवर सांगितलं होतं. ते नुसतं बोलणं नव्हतं. तेजलच्या मानेवर इस्त्रीचा डाग होता.

तेजल आत स्वयंपाकघरात बसली होती, दार ओढून, बाळाला मांडीवर घेऊन. पहाटेच्या गाडीने ती नगरला जाणार होती. तिथल्या वसतिगृहाच्या मेट्रनबाई लताबाईच्या ओळखीच्या. जागा तिनेच मिळवून दिली होती. नाहीतर शकुबाईने तिला यातलं अक्षर कळू दिलं नसतं.

गीत झालं. शास्त्रवाचन सुलाबाईकडे होतं. प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जावं, दार लावावं, बापाला गुप्तपणे सांगावं, तो भाग निघाला. सुलाबाईचं वाचन खणखणीत. शकुबाईला अक्षर जुळवत वाचावं लागे, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे.

बायकांनी डोक्यावर पदर घेतले, माना खाली घातल्या. लताबाईने सुरुवात केली. पाळकसाहेबांची बदली, गल्लीतलं गढूळ पाणी, सहादू मास्तरांचा गुडघा. गुडघ्यापाशी ती बराच वेळ थांबली. शकुबाईला जरा बरं वाटलं. गुडघ्यात रमली तर रमू दे.

मग लताबाईचा आवाज ओला झाला.

"आणि प्रभो, या घरातलं ते गांजलेलं लेकरू. आम्ही नाव घेत नाही, तुला नाव ठाऊक आहे. या भिंतीपलीकडे बसलंय बघ, मांडीवर अंगावर पिणारा जीव घेऊन..."

शकुबाई खाकरली.

"...तिचे अश्रू पूस, बापा. उद्या पहाटे तिला नगरला सुखरूप पोचव. त्या वसतिगृहातल्या बाईच्या मनात कळवळा तूच घातलास, मी तर नुसती तुझी दासी, माझ्या तोंडून तू बोललास..."

शकुबाईने डोळे उघडले. समोर सगळे पदर कपाळापर्यंत आलेले, सगळ्या पापण्या मिटलेल्या. एकीचेच डोळे उघडे होते. सुलाबाई स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

चालू प्रार्थनेत कुणाच्या तोंडावर हात ठेवता येत नाही. एकच करता येतं. शकुबाईने मोठ्या आवाजात प्रभूची प्रार्थना सुरू केली. बायका दचकल्या, मग सवयीने मागोमाग म्हणू लागल्या. लताबाईसुद्धा म्हणू लागली, जराही राग न धरता. शेवटी सगळ्यांचं आमेन झालं. सुलाबाईचं सगळ्यांच्या मागून आलं, ठसठशीत.

चहा घेतल्याशिवाय सुलाबाई कधी कुणाच्या घरून उठली नव्हती. आज उठली.

"बसा की, चहा होतोय," शकुबाई म्हणाली.

"नको. तुमचा चहा काय, पुन्हा घेईन." पायांत चप्पल सरकवताना तिने फोन काढला. फाटकापाशी पोचेपर्यंत तो कानाला लागला होता.

राकेशला पिंपळगावहून हायवेने मोटारसायकलवर यायला कितीसा वेळ लागतो. मागच्या खेपेला कुणाचा फोन गेला आणि तो आला, तेव्हा शकुबाईची भाकरी अजून तव्यावरच होती.

ती आत गेली. चहा उतू जाऊन शेगडी विझली होती, घरभर गॅसचा वास सुटला होता. तिने बटण बंद केलं. मागचं दार उघडं होतं. उद्यासाठी भरलेली पिशवी पिंपाआड तशीच. ओट्यावर बाळाचं लोकरीचं टोपडं पडलेलं.

शकुबाई मागच्या दारात उभी राहिली. बोळात या टोकाला कुणी नाही, त्या टोकाला कुणी नाही. तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मारली असती तर राहिलेल्या गल्लीलाही कळलं असतं.

ती टोपडं घेऊन बाहेर आली. बायका गेल्या होत्या. लताबाई एकटीच सतरंजी गुंडाळत होती. डोळे अजून ओले, चेहरा मात्र नुकता धुतल्यासारखा.

"ताई, आज कसं मोकळं मोकळं वाटलं बघा. प्रभूने ऐकलं. मला आतून कळतं ते."

शकुबाईने टोपडं तिच्या हातात ठेवलं. लताबाईने ते उलटसुलट करून पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. सतरंजीचं टोक तिच्या हातातून सुटलं.

"देवाला आधीच ठाऊक होतं, लता," शकुबाई म्हणाली. "तू सांगितलंस ते सुलाला."