पंधरवड्याचं पाणी

कृष्णनाथाने काचेच्या टाकीवर टॉवेल टाकला. टाकी चार फुटांची होती आणि टॉवेल तीन. उरलेल्या एका फुटासमोर तो स्वतः उभा राहिला.

अंगणात जीप थांबली होती. त्याची धाकटी बहीण सुलोचना पायरीवर चपला काढत होती. डिचोलीत लग्न होतं. एवढ्या जवळ आलो आहोत तर मयेला दादाचे मासे बघून जाऊ, असं ठरवून ती नवऱ्यासकट न कळवता आली होती. दहा वर्षांत पहिल्यांदाच ती माहेरी येत होती. आणि टाकीत मासा नव्हता.

दहा वर्षांमागचं कारण असं. सत्याऐंशी साली गोव्याची राजभाषा कुठली यावरून घरोघरी वाद पेटले होते, तसा तो केरीला सुलोचनेच्या समुद्रकाठच्या घरी, सत्यनारायणाच्या पंगतीतही पेटला. कृष्णनाथ मराठीच्या बाजूचा. तिचा नवरा दत्ताराम कोंकणीच्या. दोघांनी आपापली बाजू एकाच बोलीत मांडली. कृष्णनाथाने मराठीची महती सांगताना मराठीतला एक शब्द तोंडातून काढला नाही, आणि दत्तारामाने पुरावा म्हणून जे वर्तमानपत्र फडकवलं ते मराठी होतं. कृष्णनाथ शिरा अर्धा टाकून उठला. पुढे राजभाषा ठरली, गोव्याचं राज्यही झालं. या दोन घरांतलं बोलणं मात्र बंद ते बंदच.

मग गौरेशची टाकी आली. गौरेश म्हणजे कृष्णनाथाचा मुलगा, बोटीवर नोकरीला. रजेवर येताना त्याने मुंबईहून टाकी, जिवंत प्रवाळाचे चार दगड आणि पट्ट्यापट्ट्यांचे दोन नारिंगी मासे आणले, आणि रजा संपल्यावर ते सगळं बापाच्या गळ्यात घालून तो गेला. "दर पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा पाणी बदला," त्याने बजावलं. "समुद्राचंच हवं. विहिरीच्या पाण्यात मीठ टाकून भागवू नका."

मयेला तळं आहे, समुद्र नाही. कृष्णनाथाने पंधरवड्यासाठी एकादशी धरली. त्या दिवशी घरात मासळी शिजत नसे, त्यामुळे टाकीत हात घालताना माशांसमोर अवघडल्यासारखं होत नसे. दोन कॅन घेऊन, डिचोली आणि म्हापशाला गाडी बदलत, तो केरीला जाई. कळंगुट खूप जवळ पडलं असतं. कळंगुटचा समुद्र तेवढा खारट नाही, असं त्याने बायकोला सांगितलं.

पहिल्या दोन खेपांना तो बहिणीच्या घराकडे पाठ करून, किनाऱ्याच्या पार टोकाला कॅन भरून परतला. तिसऱ्या खेपेला मागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. दत्ताराम होता, कमरेवर हात ठेवून.

"ओहोटीचा पाणी कित्याक भरतात?" तो म्हणाला. "भरतीचा भरा."

नऊ वर्षांनी बोललेलं ते पहिलं वाक्य. चौथ्या खेपेला दत्तारामाने भरतीचं पाणी फडक्यातून गाळून ओसरीवर तयार ठेवलं होतं. ते उचलायचं तर ओसरी चढणं आलं. ओसरी चढल्यावर चहा आला. पुढे सुलोचना दर एकादशीला रताळी उकडू लागली. भाषेचा विषय कुणी काढला नाही. दोघे पुरुष खारटपणाबद्दल बोलत.

चैत्रात वादळाने विजेचा खांब आडवा केला. दोन दिवस पंप बंद राहिला आणि मासे गेले. प्रवाळ पांढरे पडले. कृष्णनाथाने मासे माडाच्या बुंध्याशी पुरले आणि हात जोडले. नऊ महिन्यांत त्यांनी जे करून दाखवलं होतं, ते एकाही नातेवाइकाला जमलं नव्हतं. चार दिवसांनी एकादशी होती. तो कॅन घेऊन निघाला.

"मेलेल्यांना ताजं पाणी पाजतात," बायको सुमंगला म्हणाली. "माझ्या बालदीला कडी नाही, ती कधी दिसली नाही तुम्हांला." आणि सुलोचनेसाठी दोन नारळ तिने पिशवीत घातले. पावसाळ्यात समुद्र गढूळ झाला, तेव्हा दत्ताराम दोन दिवस आधी पाणी भरून निवळत ठेवू लागला. त्याला आता खरं सांगणं कृष्णनाथाच्याने होईना.

"बाजूक हो रे दादा," सुलोचनेने टॉवेल ओढला.

आत लख्ख पाणी होतं, चार पांढरे दगड होते, बुडबुडे होते.

"मासे खंय?"

"निजलेत," कृष्णनाथ म्हणाला. खाणीवर तीस वर्षं टाइमकीपर होता तो. खोटं बोलायची सवय नव्हती. "दगडामागे."

दत्तारामाने चष्मा पुसला. वाकून टाकी समोरून बघितली, बाजूंनी बघितली, मग भिंतीला गाल टेकवून दगडांच्या मागेही बघितलं. कृष्णनाथाला डोळ्यांसमोर दोन रिकामे कॅन दिसले आणि केरीची ओसरी, जिथे आता त्याचं काही काम नव्हतं.

"कधी गेले?" दत्तारामाने हळूच विचारलं.

"चैत्रात."

सुलोचनेने बोटांच्या पेरांवर एकादश्या मोजल्या. सोळा भरल्या. मग ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. स्वयंपाकघरात सुमंगलेने कपबशा वाजवायचं थांबवलं.

दत्ताराम सरळ झाला. त्याने एक बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं, आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा थोडा वेळ विचार केला.

"कृष्णनाथबाब, पंधरा दीस म्हणजे खूप झाले," तो म्हणाला. "ह्या पाणी दर आठ दिसांनी बदलूक व्हया."