रविवारची पकड
मारामुरेशच्या डोंगरातल्या त्या गावात रविवारी प्रार्थना संपली की म्हातारे चर्चच्या दारात टोआडेर सुताराशी हात मिळवत. शवपेट्या तोच करायचा. ज्याची पकड सैल पडे, त्याच्यासाठी तो लगेच पाइनच्या फळ्या काढून ठेवी, आणि बर्फ वितळायच्या आत त्या लागतच. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर जो तो जीव एकवटून त्याचा हात दाबायचा. आज मात्र कमालच झाली. खोकून खोकून खंगलेल्या गव्रिलानेसुद्धा त्याची बोटं अशी चेपली की टोआडेर कळवळला. "अरे, हळू! यंदा कुणी मरायचंच नाही असं ठरवलंय की काय, थेरड्यांनो?" कुणीच हसलं नाही. गव्रिलाने त्याचा हात सोडला, स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं आणि नुकतीच चढवलेली टोपी पुन्हा उतरवली. मागच्यांनीही उतरवल्या. "टोआडेर, गड्या," गव्रिला हळूच म्हणाला, "तुझ्या मापाच्या फळ्या आहेत ना घरात?"