केकोआची रीत

“गंगेत नाही, नाशिकला नाही. मग कुठे, बाबा?” विनीताने पुन्हा विचारलं, आणि बाबांनी पुन्हा तिच्या कपात चहा ओतला.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत आई गेली, तेव्हा न्यू जर्सीतल्या बर्फाने विमानं अडकली आणि विनीताला हवाईला वेळेवर पोचता आलं नाही. आता ती वेस्ट विंडसरहून आली होती ती आईच्या अस्थी कुठे आहेत, एवढंच विचारायला. प्रतापराव मात्र ताकास तूर लागू देत नव्हते.

“तुझ्या आईचा राजा आठवतो ना?” ते म्हणाले.

न आठवायला काय झालं? मालिनीबाईंनी उभा जन्म या बेटावरच्या केकोआ राजाचा अभ्यास करण्यात घालवला. घरात त्याचा वावर एखाद्या मामासारखा होता. डोंगरातलं पाणी पाटांनी खाली आणून त्याने अळूची शेतं पिकवली. राजा दिसला की प्रजेने हातातलं काम टाकून पालथं पडायचं, असा तिथला दंडक. म्हणून हा भला माणूस अंधार पडल्यावरच बाहेर निघे. एवढं राज्य, पण त्याच्याकडे मान वर करून बघणारी एकटी राणी.

तरी मरताना आपल्या अस्थींचं काम त्याने राणीला दिलं नाही. रीतच तशी होती. हाडं शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून ती एका विश्वासू माणसाने लपवायची आणि कुणालाही सांगायचं नाही. “ज्याला फार आठवण येते तो पुन्हा पुन्हा जातो,” आई सांगायची, “आणि त्याच्या पावलांनी वाट पडते.”

“बाबा, मी शत्रू नाही,” विनीता म्हणाली. “मला तिच्याशी बोलायचंय, अँड आय डोन्ट नो व्हेअर टु स्टँड.”

बाबांनी गाडीची किल्ली उचलली.

समुद्राच्या कडेला लाव्हाच्या काळ्या कड्यात एक गुहा होती. “तुझी आई इथे तासन्‌तास बसायची,” ते म्हणाले आणि हात जोडून लांब उभे राहिले.

विनीता आत जाऊन बसली. फोनवर राहून गेलेलं सगळं बोलली. बाळ होणार असल्याचं तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं, ते आधी आईला सांगितलं. कितीतरी दिवसांनी तिला पोटभर रडू आलं. येताना गाडीत ती शांत झोपली.

वेस्ट विंडसरला घरी परतल्यावर तिने जर्सी सिटीला भावाला फोन केला. “अमित, बाबांनी मला ती गुहा दाखवली.”

“कसली गुहा? मला तर धबधब्यापाशी नेलं होतं. मी रडलो यार तिथे.”

विनीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लगेच हवाईला फोन लावला.

“बाबा, दोघांना दोन जागा? आम्ही मुलं आहोत तिची. खरी कुठली, ते सांगा.”



“मला वाटलं, यातली एखादी असेल,” बाबा म्हणाले. “दर रविवारी मीही शोधतोच आहे, विनू. ते काम तिने मला दिलंच नव्हतं.”